डोळे मिटून येवल्यापर्यंत

अंबडहून येवल्याला गाडीने दोनेक तास लागतात. मोठ्या माणसाला हे काहीच नाही, पण आमच्या सुजातला गाडी लागते. मोबाईल हातात दिला की निफाडच्या आधीच उलटी. गाणी लावली तर दोन गाण्यांत कंटाळा, चिप्स दिले तर सीटभर चुरा, आणि सारखा एकच प्रश्न, "आलं का?"

यावर उपाय शोधला तो संघमित्राने, त्याच्या मोठ्या बहिणीने. सुजातने डोळे मिटून बसायचं आणि तिने खिडकीतून दिसेल ते त्याला सांगत जायचं. "डावीकडे द्राक्षाची बाग. एक माणूस फवारणी करतोय, तोंडाला फडकं बांधून. आता गतिरोधक येतोय, घट्ट धर." गाडी उडाली की तो खदखदून हसायचा. डोळे उघडले की खेळ संपला, एवढा एकच नियम. विंचूर येईपर्यंत सुजात झोपलेला असायचा, तरी ती हळू आवाजात सांगतच राहायची. अंजली आणि मी पुढे बसून ऐकायचो.

गेल्या पावसाळ्यात संघमित्रा गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं, तो डेंग्यू निघाला. चौथीत होती. त्यानंतर गाडी फक्त माझ्या कारखान्यापुरती बाहेर निघायची. अंजली मागच्या दाराला हातसुद्धा लावत नसे.

फेब्रुवारीत अंजलीच्या आईचा, सिंधुबाईंचा येवल्याहून फोन आला. "लेकराला तरी आणा. लय दिस झाले बघून." एका रविवारी सकाळी आम्ही निघालो.

मी कारखान्यात तपासणीच्या कामाला आहे. तयार झालेला भाग मापात आहे की नाही, एवढंच बघतो. अंदाजावर काही सोडत नाही. त्या दिवशी जे पाहिलं तेही तसंच सांगतो आहे.

नांदूर नाका मागे पडला. सुजात माझ्या मागच्या सीटवर एकटा बसला होता. एकदाही त्याने "आलं का?" विचारलं नाही. आरशात पाहिलं तर त्याचे डोळे मिटलेले आणि चेहऱ्यावर हसू.

"झोप आली का रे?" अंजलीने विचारलं.

"नाही. खेळतोय."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. खेळू दे, असं वाटलं.

चांदोरीच्या पुढे तो एकदम हसला. "ट्रॅक्टरवर कुत्रा बसलाय."

समोर रस्ता मोकळा होता. वळण घेतलं तेव्हा कांद्याच्या गोण्यांनी भरलेली ट्रॉली दिसली. सगळ्यात वरच्या गोणीवर एक पिवळं कुत्रं कान मागे टाकून बसलं होतं.

मी मनाशी म्हटलं, पोराने डोळे किलकिले केले असतील. पण वळणापलीकडचं मलाही दिसलं नव्हतं.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "टेम्पोत पांढरा घोडा आहे." निफाडमध्ये शिरताना समोरून टेम्पो आला. लग्नाचा घोडा, गोंडे लावलेला, आमच्याकडे मान वळवून बघत होता.

अंजलीने गळ्यातली ओढणी काढली. मागे वळून तिने ती सुजातच्या डोळ्यांवर बांधली. गाठ पटकन बसेना.

"आता सांग."

सुजातने मान डावीकडे कलती केली. शेजारचा माणूस कानाशी बोलत असला की आपण करतो तशी. "एक बाई पुलाच्या कठड्यावर साडी वाळत घालतेय. जांभळी."

पूल आला. कठड्यावर जांभळी साडी होती. बाई तिची कडा सारखी करत होती.

"तुला कोण सांगतं, बाळा?" अंजलीने अगदी शांतपणे विचारलं.

"ताई. अजून कोण?"



"गाडी थांबवा," अंजली म्हणाली.

मी कडेला घेतली. ती उतरली, मागचं दार उघडून आत बसू लागली.

"मम्मी, मध्ये नको ना," सुजात म्हणाला.

ती दाराला चिकटून बसली. दोघांच्या मधली जागा तिने मोकळी ठेवली. मग तिने डोळे मिटले. मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली; आरशात ती दिसत होती.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आणि त्यातच ती हसली. इतक्या महिन्यांत मी तिचं हसू पाहिलं नव्हतं.

मी कान देऊन ऐकत होतो. इंजिन, वारा, मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न. दुसरं काही नाही.

"पप्पा, ताई विचारते, तुम्ही का नाही खेळत?"

"मी गाडी चालवतोय, राजा. तिला सांग."

"सांगितलं. ती म्हणाली, बरं."

पुढचा रस्ता मला धूसर दिसत होता.

येवल्याला सिंधुबाई दारातच उभ्या होत्या. सुजातने ओढणी काढली, उतरला आणि आजीच्या कमरेला बिलगला. मी इंजिन बंद केलं.

अंजली उतरली नाही.

"अंजली, घर आलं."

तिने डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं. "थांबा ना. ती अजून सांगतेय."

"काय सांगतेय?"

"दोन्ही बाजूंना पाणी आहे. मधून रस्ता. झाडं नाहीत, माणसं नाहीत. आता वळण."

आणि ती उजवीकडे झुकली, वळणावर माणूस झुकतो तशी.

येवल्याच्या आसपास असा रस्ता मी कधी पाहिलेला नाही.

मी सुजातच्या जागेवर जाऊन बसलो. मधल्या मोकळ्या जागेवरून हात लांब करून तिचा हात धरला. "डोळे उघड."

"उघडले की संपतं."

"सुजात बाहेर उभा आहे, अंजली."

तिने डोळे आणखी घट्ट मिटले.

अंगणात दोरीवरचे कपडे सरळ लोंबत होते. गाडीच्या चारही काचा वर होत्या. अंजलीच्या कपाळावरच्या बटा मात्र मागे उडत होत्या, भरधाव गाडीत उडतात तशा.