चोरखमाऱ्याच्या पाळीवर शिकलेला पलटा

कुणाला खोटं वाटलं तर वाटू द्या. हे माझ्या मावसबहिणीच्या, दुर्गेश्वरीच्या बाबतीत घडलंय. भुतं फक्त रात्रीच येतात असं मानणाऱ्यांनी तर नक्कीच वाचावं.

मागच्या चैत्रातली गोष्ट. जागा, गोंदिया जिल्ह्यातल्या चोरखमारा तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध. वेळ भर दुपारची.

दुर्गेश्वरी बॅगपाइप शिकत होती. लग्नाच्या वरातीतली गाणी नव्हेत. स्कॉटलंडच्या डोंगरातलं जुनं, संथ, शास्त्रीय संगीत. एक मूळ चाल, मग तिचे अवघड होत जाणारे पलटे, आणि शेवटी परत मूळ चाल.

शिकवायचे गावातले बकाराममामा. फौजेच्या बँडमधून निवृत्त होऊन धानाची शेती करणारे. लकव्याने उजवा हात गेला, तेव्हापासून ते सूर तोंडाने गायचे.

"हिओ… हारिन… होदिन…"

तिने ऐकायचं आणि बोटांत उतरवायचं.

मामांना मूलबाळ नव्हतं. ते तिला म्हणाले होते, "मी मेलो का तेरवीले ही शोकाची चाल वाजवजो. पुरी वाजवजो बाई. अर्धी सोडली, त मी मधातच अटकून राहीन."

शेवटचा पलटा मात्र ते शिकवतच नव्हते. विचारलं की, "उद्या."

आणि एका पहाटे मामा गेले.

दुर्गेश्वरी वेडीपिशी झाली. ही चाल मामांच्या उस्तादांनी त्या जुन्या धाटणीत स्वतः बांधलेली. फोनवर शोधून मिळणारी नव्हे. उस्ताद केव्हाच वारलेले.

विचारायचं कुणाला?

ती रोज दुपारी पाळीवर जायची. उन्हात तिथे कुणी फिरकत नसे. येतं तिथपर्यंत वाजवायची… आणि अडायची. पुन्हा पहिल्यापासून. ओठ फुटले. जेवण सुटलं.

तेरवीच्या आदल्या दुपारी तर ती तलावाकडे बघून ओरडलीच, "मामा, सांगा ना! काय करू मी?"

टिटव्या गप्प झाल्या.

वारा पडला.

मग पाण्याकडून…

"हिओ…"

तिथे कुणी नव्हतं. आटलेल्या काठाचा भेगाळलेला चिखल, बस.

"हिओ… हारिन…"

शेवटचा पलटा होता तो!

भीती वाटलीच नाही, असं ती सांगते. ती रडत होती आणि बोटं आपोआप पडत होती. फक्त एक गोष्ट खटकली. लकव्यानंतर मामांची जीभ जड झाली होती. हा आवाज स्वच्छ होता.

तिला वाटलं, मेल्यावर बरं वाटत असेल मामांना.

तेरवीला मांडवात पंगत बसली होती. तिने चाल सुरू केली. एकेक पलटा सरला. शेवटचाही सुरू झाला…

आणि आतून निर्मलामामी धावत आल्या. त्यांनी तिचा हातच धरला. पिशवीतली हवा निघून गेली.

"बंद कर! हे कोनं शिकवलं तुले?"

"मामांनीच…"

"खोटं काऊन बोलतं? लग्न झाल्यापासून ऐकून राहिली मी ही चाल. हे त्यात कधीच नव्हतं. त्याईले येतच नव्हतं हे! उस्ताद शिकवायच्या आधीच मेला. तुले सांगायची लाज वाटे, म्हणून उद्या-उद्या करत होते."

मांडवात कुणी घास उचलला नाही.

मामी हळूच म्हणाल्या, "मंग तुले शिकवलं कोनं?"

तेवढ्यात दुर्गेश्वरीच्या दुसरंच लक्षात आलं. मूळ चालीवर परत यायचं राहून गेलं होतं.

चाल अर्धीच राहिली होती.

तिने घाईघाईने पिशवी भरली. पण मूळ चाल आठवेना. जी सगळ्यात आधी शिकली, जी झोपेतही वाजवली असती, ती चाल बोटांतून पुसली गेली होती.

आजही आठवत नाही.

ती परत पाळीवर गेली. हाका मारल्या, हात जोडले. टिटव्या ओरडत राहिल्या. कुणी गायलं नाही.

मामांचा बॅगपाइप तिने मामींना परत दिला. पण दुपारी ती एकटी खोलीत पडली की कानाशी कुणीतरी दीर्घ श्वास घेतं. पिशवी फुंकण्याआधी वादक घेतो, तसा.

घेतल्याचा आवाज येतो…

सोडल्याचा येत नाही.