नऊ जुलैचा नंबर

“माझ्या पोरानं हे केलं न्हाय,” असं म्हणत शालूबाईंनी पोलिसांचे कागद टेबलावर ठेवले.

माधवी कडोलकर बेळगावात खासगी तपासाची कामं करायची. निवृत्त हवालदार यल्लाप्पा तिचा जोडीदार. त्यानं कागद मोठ्यानं वाचले.

नऊ जुलैला निपाणीच्या एका शाळेला मेल आला होता. त्यात तिथल्या शिक्षिका दिव्या मगदूमचे फोटो होते. चेहरा तिचा, उघडं अंग दुसऱ्याच कुणाचं. शाळेनं त्याच दुपारी तिला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती मळ्यातल्या विहिरीत सापडली.

वीस ऑगस्टला पोलिसांनी मेल पाठवणाऱ्याचा इंटरनेट नंबर तपासला. तो साईराजच्या घरचा निघाला. साईराज शालूबाईंचा मुलगा, दिव्याशी लग्न करणार होता. आता तीन महिने हिंडलग्याच्या तुरुंगात होता. तुरुंगातल्या कैद्यांनी त्याचा हात मोडला होता.

“नंबरच सापडलाय म्हटल्यावर काय उरलं, मॅडम?” यल्लाप्पा म्हणाला.

“नंबर त्याचा, हे कुणी सांगितलं ते बघू.”

ते सांगितलं होतं श्रेयांस चौगुलेनं. निपाणीत चारशे घरांना त्याचं नेट होतं.

“हे नंबर तुमच्या मालकीचे?” माधवीनं विचारलं.

“न्हाय हो. आमच्यासारख्या बारक्या नेटवाल्याकडं स्वतःचं नंबर कुठलं? बेळगावच्या मोठ्या कंपनीकडनं लाईन घ्यायची. त्यासंगं ती नंबरांचा एक गठ्ठा वापरायला देती. त्यातलाच एकेक घराला.”

“साईराज तुमच्याकडं कधीपासून?”

“दोन वर्सं. लई भांडखोर गिऱ्हाईक. माझ्यावर तक्रार टाकलीवती त्यानं.”

श्रेयांसच्या ऑफिसच्या दारावरची जुनी सूचना अजून निघाली नव्हती. ‘एक ऑगस्टला नंबर बदलणार असल्यामुळे नेट दोन तास बंद राहील.’ माधवीनं ती दोनदा वाचली. यल्लाप्पा चहा पीत होता.

दिव्याचा थोरला भाऊ सन्मती रविवार म्हणून निपाणीच्या घरी भेटला. एरवी तो बेळगावजवळच्या मच्छेत कारखान्यात कामाला होता, तिथंच खोली घेऊन राहायचा.

“साईराजच त्यो,” तो ठामपणे म्हणाला. “आमच्या दिव्यानं फोटो कुठंच टाकलं न्हवतं. घरच्यांच्या मोबाईलात तेवढं हुतं. त्याला तिनंच दिलं असणार.”

“तुमचा मेल द्या. काही कागद पाठवते.”

“मेल नको, व्हॉट्सअॅप करा. खोलीवरचं नेट जुलैअखेर गेलं. तिथल्या मष्णू नेटवाल्यानं धंदाच बंद केला.”

तिथून माधवी थेट मच्छेला मष्णूच्या घरी गेली. दोन तासांनी बाहेर आली ती एक वही घेऊन. मग तिनं बेळगावच्या कंपनीत फोन लावला.

दुसऱ्या दिवशी निपाणीच्या ठाण्यात सगळे जमले.

“साहेब, तुम्ही वीस ऑगस्टला विचारलंत, हा नंबर कुणाकडं आहे?” माधवी इन्स्पेक्टरना म्हणाली. “कंपनीनं त्या दिवशीचं उत्तर दिलं, श्रेयांसकडं. पण श्रेयांसला हे नंबर मिळाले एक ऑगस्टला. त्याच्या दारावर लिहिलंय. मेल आला नऊ जुलैला. त्या दिवशी हा नंबर निपाणीत नव्हताच.”

“मग कुठं हुता?” यल्लाप्पानं विचारलं.

“मच्छेत. मष्णूही त्याच कंपनीकडून नंबर घ्यायचा. त्यानं धंदा बंद केला, गठ्ठा परत गेला आणि कंपनीनं तोच श्रेयांसला दिला. कंपनीनं फोनवर कबूल केलंय. श्रेयांस, तुम्हाला हे माहीत होतं.”

श्रेयांस खांदे उडवत म्हणाला, “पोलिसांनी नाव मागितलं. मी यादीतलं दिलं. तारीख कुणी इचारली?”

शालूबाई त्याच्याकडं बघत राहिल्या.

माधवीनं मष्णूच्या गिऱ्हाइकांची वही उघडली. “नऊ जुलैला हा नंबर मच्छेतल्या एकाच खोलीला होता. त्या खोलीत एकच माणूस राहत होता. आणि दिव्याचे फोटो फक्त घरच्यांकडं होते, हे त्यानंच मला सांगितलं. सन्मती, वहीत नाव तुमचं आहे.”

सन्मतीनं नाकारलं नाही. “जातीबाहेर जाणार हुती. नोकरी गेली असती तर गप घरात बसली असती. तिनं जीव द्यावा असं कुठं म्हटलंवतं मी?”

“शाळेतून आल्यावर ती काही बोलली?”

“त्या सांजच्याला मी घरी आलतो, तवा माझ्याजवळ आली. रडत हुती. म्हणाली, दादा, कुणी केलं असंल? मी म्हटलं, साईराजनं.”

इन्स्पेक्टरनी ते वाक्य जबाबात शब्दन् शब्द उतरवून घेतलं.

शुक्रवारी साईराज सुटला. तुरुंगाच्या फाटकाशी शालूबाई त्याला बिलगून रडल्या. त्यांच्या खांद्यावरून त्यानं माधवीकडं पाहिलं.

“ताई, मी न्हाय केलं, हे दिव्याला ठावं हुतं न्हवं?”

यल्लाप्पानं मान खाली घातली.

“व्हय,” माधवी म्हणाली.

साईराजनं डोळे मिटले आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा हसला.

मंगळवारी कोर्टात सन्मतीचा जबाब वाचला जाणार होता. साईराज यायचं म्हणत होता.