अंजिरावरून पडलेला पाय

हेब्रोनच्या वरच्या अंगाला आमच्या घराण्याची खडकात कोरलेली कबर आहे. मेलेल्याला वर्षभर ओट्यावर निजवायचं, मग हाडं गोळा करून खालच्या खड्ड्यात वाडवडिलांत मिसळायची. खाली शेओलात, मेलेल्यांच्या लोकात, सगळे मुकाट असतात म्हणे. आमच्या घराण्याचा तेवढाच मुकाट भाग.

माझे वडील एलोन डावखुरे, आणि दुसऱ्याची सुईही घरात न ठेवणारे. दुष्काळात धान्य आणायला मिसरला गेले आणि तिथेच वारले. तेव्हापासून आई, अटारा, मरायलाच तयार नव्हती. डोळे गेले, दात गेले, हट्ट राहिला.

"ते तिकडे परक्यांत, आणि मी त्या खड्ड्यात एकटी? सासूबरोबर?"

शेवटी मी मिसरला गेलो. कबर सापडली नाही. रिकाम्या हाताने परतायची लाज वाटली. वाटेत वाळूत एक बेवारशी सांगाडा उघडा पडला होता, तोच गोणीत भरून आणला. चादरीत गुंडाळून ओट्यावर मांडला, रिकामी गोणी कोपऱ्यात टाकली, दाराशी धोंडा लावला. आईला म्हणालो, "आणलं त्यांना."

वर्ष कसं गेलं ते माझं मला ठाऊक. कारण हाडं गोळा करायला हुशयकाका येणार होता, आणि वडिलांच्या डाव्या पायाची नळी मोडून वाकडी जुळली होती, हे काकाइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

तो दिवस उजाडला. धोंड्यावरचं कोळ्याचं जाळं अखंड होतं. दारात आई, मागे अख्खं गाव.

काकाने चादर उलगडली.

मी डोळे मिटले.

"वहिनी, हाच गं तो!" काका ओरडला. "अंजिरावरून पडला तो पाय! आता सांगायला हरकत नाही, ढकललं मीच होतं."

नळी वाकडी होती.

आईने तिच्यावरून अंगठा फिरवला, तो हाडाच्या गाठीशी थांबला. मग मान वर करून तिने असा जयघोष केला की टेकडीवरच्या शेळ्या उधळल्या. "आले! सासूबाई, सरका जरा!"

गाव नाचलं. आठव्या दिवशी आई हसत हसत त्यांच्या शेजारी गेली.

तिला निजवून निघताना कोपऱ्यातली गोणी उचलायला गेलो. उचलेना. भरलेली होती. चाचपली. आत हाडं, नीट रचलेली, दोन्ही पायांच्या नळ्या सरळ. तोंड बांधलेलं, गाठ डावखुऱ्याची.

गाठीत नाईलचा काळा गाळ अडकला होता. बोट लावलं. ओला होता.