सव्वादोन वाजता उघडणारा माइक

विश्वास बसणार नाही, पण चेतनावहिनींनी हे स्वतः सांगितलंय. गेल्या वर्षीचा मे महिना. सारंगखेड्याजवळचं गाव. दुपारची टळटळीत वेळ.

वहिनी घरीच काम करायच्या. पुण्याच्या एका ऑफिसची रेकॉर्डिंग्ज ऐकून टाइप करायची. दिवसभर कानाला हेडसेट.

त्यांच्या सासूबाई, धनुबाई, अर्धांगवायूनं मधल्या खोलीत पडून असायच्या. एप्रिलमध्ये एका दुपारी, दोन-अडीचच्या सुमारास त्या गेल्या.

"झोपेतच गेल्या," वहिनींनी सगळ्यांना सांगितलं.

तेराव्यानंतर वहिनी पुन्हा कामाला बसल्या.

आणि अचानक कानातला आवाज... चपटा झाला. डब्यातून आल्यासारखा.

त्या हेडसेटचं तसंच होतं. नुसतं ऐकताना आवाज भरदार. बोलण्यासाठी माइक उघडला, की लॅपटॉप आपोआप कॉलचं प्रोफाइल लावायचा आणि आवाज पातळ व्हायचा.

पण वहिनी कुणाशीच बोलत नव्हत्या.

स्क्रीनच्या कोपऱ्यात माइकची खूण पेटली होती.

मिनिटभरानं ती विझली. आवाज पुन्हा भरदार.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

वेळ... सव्वादोन.

त्यांचे यजमान भूपेंद्र साखर कारखान्यात नोकरीला. ते म्हणाले, "सेटिंग बिघडेल व्हई. पाहस मी."

त्यांनी प्रोफाइल आपोआप बदलणं बंदच करून टाकलं.

तरी सव्वादोनला आवाज पातळ झाला.

मग भूपेंद्र रजा घेऊन घरी थांबले. माइकवर काय येतंय, ते रेकॉर्ड करायला लावलं. दोघं गप्प बसले. वहिनींनी तर ओठ घट्ट मिटले होते.

सव्वादोन.

खूण पेटली... विझली.

भूपेंद्रनी रेकॉर्डिंग लावलं.

आधी नुसता पंख्याचा आवाज.

मग... खाट करकरली.

धनुबाईंची खाट तर तेराव्यालाच दान दिली होती.

मग अगदी क्षीण आवाज... "चेतना... पानी दे वं..."

"माय!" भूपेंद्र ओरडले. डोळ्यांना धारा लागल्या.

"पानी दे वं बेटा... जीव चालना मन्हा..."

त्यांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. "तू तं सांगेल व्हतं, माय झोपमाच गई."

"मन्हा कानले हेडसेट व्हता," वहिनी रडायला लागल्या. "माले काहीच ऐकू उनं नही. देवनी आन!"

रेकॉर्डिंग अजून संपलं नव्हतं.

माइकच्या अगदी जवळून... दुसरा आवाज आला. स्पष्ट. वैतागलेला.

"थांबा ना माय. काम शे मन्हं."

तो वहिनींचा आवाज होता.

भूपेंद्र उठले आणि बाहेर गेले. त्या दिवसापासून ते बायकोच्या हातचं पाणी पीत नाहीत.

"मी असं बोललेच नव्हते हो," वहिनी मला म्हणाल्या. "खरंच नव्हते."

त्यांचा हात नकळत कानाकडे गेला.

"निदान... मला तरी तसं आठवत नाही."