तोर्तोरला गुडघे लागतात

ओंपु पार्ताही सिनागा यांचे पुत्र किलियान, किलियान यांचे पुत्र तोगार आणि तोगारचा मुलगा साहात. आमच्या समोसीर बेटावर ओळख अशी वरून खाली येते. नुसते नाव सांगणाऱ्याला आम्ही डुकराचे पिल्लूसुद्धा विकत नाही.

साहात होडीतून उतरला, त्या सकाळी तळ्यावर भुरभुर पाऊस होता. माझ्या खिडकीतून धक्का दिसतो. त्याच्या काखेत एक भलामोठा निळा रबरी चेंडू होता. वाऱ्याने तो हिसकावला आणि थेट पाण्यात नेला. माझी नात लाम्रिया तिथेच मासे साफ करीत होती. ती गुडघाभर पाण्यात शिरली आणि चेंडू घेऊन आली... पण परत देईना.

"बाळाचं खेळणं का?"

"नाही... पेशंटचं आहे."

"अगं बाई! केवढं आहे पेशंट?"

"ऐंशीच्या पुढे. सिहालोहोंच्या ओंपुंग. फार कडक आहेत म्हणे."

"छे! आमची आजी लोण्याहून मऊ आहे," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली.

इतके धडधडीत खोटे तिने त्यापूर्वी कधी बोलल्याचे मला स्मरत नाही.

अर्धांगाच्या झटक्याने माझा डावा पाय गेला होता. मोठ्या इस्पितळाने घरी पाठवताना सांगितले, "व्यायाम करून घ्या." पण करून घेणारा होता तळ्यापलीकडे, आधी होडी, मग घाटातली बस, मग रांग. आजारी पाय तिथवर न्यावा, तर धडधाकट पायही आजारी पडावा! म्हणून बेटावर या दुखण्याला एकच औषध होते, अंथरूण. आरोग्यकेंद्रात नव्याने नेमलेला साहात हा होडीत बसून आमच्याकडे आलेला पहिला फिजिओथेरपिस्ट.

"पायाला हात लावण्याआधी घराणं सांग," मी म्हणाले.

त्याने सांगितले. मग आवाज खाली आला. "आई सिहालोहोंचीच. रोमियान."

रोमियान ही माझ्या धाकट्या दिरांची मुलगी, तोगारबरोबर पळून गेलेली. चर्चमध्ये लग्न लागले, पण रीत राहिली. जावयाने रांधलेले डुक्कर आणून आमच्यापुढे ठेवायचे आणि आम्ही तोर्तोर नाचत त्या जोडप्याच्या खांद्यांवर आमच्या मागावर विणलेले उलोस वस्त्र पांघरवायचे. ते ऋण फिटत नाही, तोवर त्यांच्या मुलाचेही लग्न रीतीने लागत नाही.

दाराआड लाम्रियाच्या हातून पातेल्याचे झाकण पडले. नात्याने ती त्याच्या मामाची मुलगी, आणि आमच्यात याहून शुभ स्थळ नाही!

व्यायाम सुरू झाला.

"ओंपुंग, गुडघा वाकवा."

"मला हुकूम सोडणारा अजून जन्मायचा आहे."

आठवडे गेले. पाय ढिम्म. तो लाम्रियाला माझी टाच कशी धरायची ते शिकवू लागला. त्याचा तळवा तिच्या बोटांवर आला आणि तिथेच विसावला.

"इतका घट्ट नको..." तो पुटपुटला.

"काय? ओंपुंगचा पाय, की माझा हात?"

कानांपर्यंत लाल झालेला सिनागा मी प्रथमच पाहिला.

एके दुपारी लाम्रिया म्हणाली, "साहेब, ओंपुंग व्यायाम करणार नाहीत. पण नाचतील." तिने झाकण आणि पळी घेतली आणि गोंदांगचा, आमच्या ढोलांचा, ठेका धरला. तोर्तोरमध्ये हात नंतर येतात. आधी गुडघे लयीत किंचित वाकतात, उठतात. काठीचा आधार घेऊन मी उभी होते. माझ्या परवानगीवाचून माझा गुडघा वाकला.

"थांबू नकोस!" साहात लाम्रियाला ओरडून म्हणाला. "फक्त जोराचा ठोका डाव्या पायावर पडू दे. हां... असा!"

त्याने ठोका हलवला, तिने हात. माझ्या गुडघ्याला दोघांचेही ऐकावे लागले.

पुढे धक्क्यावर जे घडले ते लाम्रियानेच मला सांगितले. माझ्या घरात असे काही लपत नाही.

"लाम्रिया, मला... म्हणजे, तुझी हरकत नसेल तर..."

"बोला की! गुडघ्यांशी तर कसं स्पष्ट बोलता."

"माझ्याशी लग्न करशील?"

तिने त्याच्या कॉलरवरचे पावसाचे थेंब बोटाने टिपले. "आधी आईवडलांचं नीट लावा. मग माझं विचारा. मी... कुठे जात नाही."

मी निर्णय दिला. "तोगारला बोलवा. उलोस मी पांघरवणार. आणि बसून नाही, काठी घेऊनही नाही."

"आणि नाही जमलं तर?" लाम्रियाने विचारले.

"तर तू म्हातारी होशील."

"मग मी रोज येतो," साहात घाईने म्हणाला.

"तू तसाही रोजच येतोस."

झाकणाचा आवाज ऐकून शेजारची मंडळी येऊ लागली. पाठ धरलेला कोळी, बाळंतपणानंतर कंबर गेलेली सून, सारे माझ्या अंगणात ठेक्यावर गुडघे वाकवू लागले. होडीत न बसता मिळणारा इलाज आमच्या बेटाने प्रथमच पाहिला आणि साहातने तिथेच राहण्याचा अर्ज केला.

मग तो दिवस आला. तोगार पिकल्या केसांनी, मान खाली घालून अंगणात शिरला. पुढे रांधलेल्या डुकराचे ताट, मागे डोळे पुसणारी रोमियान. खरा गोंदांग घुमला. मी काठी टाकली. साहात माझ्या मागे हात पसरून उभा होता. स्पर्श करायचा नाही, अशी माझी सक्त ताकीद होती.

अर्ध्या वाटेवर डावा पाय थरथरला. मी थांबले.

"डावा, ओंपुंग," लाम्रिया कुजबुजली.

मी वाकले. उठले! दोन्ही हातांवर उलोस तोलून, लय न चुकवता, मी त्या दोघांपर्यंत नाचत गेले आणि दोघांना एकाच वस्त्रात घट्ट गुंडाळले. कोणीतरी आनंदाची आरोळी ठोकली आणि सारे अंगण नाचू लागले. साहात आणि लाम्रिया कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने हात धरून नाचत होते. माझ्या लक्षात आले.

रोमियानच्या पुढ्यात मी डुकराची परतभेट म्हणून आमच्या बाजूचा मासा ठेवला.

तोगार माझ्यापुढे वाकला. "आई... आता आमच्याकडे काही..."

"काही राहिलं नाही, जावईबापू," मी म्हणाले. "सगळं फिटलं."