वाडीवरचे अंगठे

ती पांढरी गाडी कोणाची होती?

विठूने हे फाट्यावरच्या पानवाल्याला विचारलं, बारच्या वेटरला विचारलं, पोलिसांना विचारलं, सरपंचांना तर दोनदा विचारलं. पानवाला सुपारी कातरत राहिला. वेटर आत निघून गेला. सरपंच म्हणाले, बघू. शेवटी पोलिसांकडून कागद आला, त्यावर ‘अज्ञात वाहन’ असं लिहिलेलं होतं. विठू तिसरीतून शाळा सोडलेला. तो कागद घेऊन पंचायतीच्या शिपायाकडे, आबाजींकडे आला.

“आबा, अज्ञात म्हंजी कोन?”

“कुनाला ठाव नाय असा.”

“पन समद्यांना ठाव हाय की.”

आबाजींनी त्याच्याकडे बघितलं नाही.

आता आबाजी निवृत्त झालेत. बोरखोंडच्या पंचायतीच्या ओट्यावर रात्री जेवून येऊन बसतात. स्वप्नील आणि अक्षय ही दोन पोरं मोबाइल बघत तिथंच असतात. एकदा लाइट गेली, मोबाइलची बॅटरी उतरली आणि अक्षय म्हणाला, “आबा, वाडीवरच्या त्या घराचं काय हाय वो? लोक दिवसा पन तिकडनं जात नाय.”

आबाजींनी तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही.

“विठूचं घर हाय ते,” ते म्हणाले. “खोटं वाटंल तर ऐकू नका. पन विठूला मी वळखतो. आन् शेवटचं जे हाय, ते मी या डोळ्यांनी बघितलंय.”

मग त्यांनी सांगितलं ते असं.

पाचखडकवाडी गावाच्या वर, डोंगराच्या पायाशी. वीस-बावीस घरं. आईबाप लवकर गेले, तेव्हा विठूला त्याच्या थोरल्या बहिणीने, ठमीने वाढवलं. ठमीचा नवरा तिला टाकून गेला होता. ती, तिची सात वर्षांची पोर संध्या आणि विठू, असं तिघांचं घर.

दोन हजार बावीसच्या ऑगस्टमध्ये गावातल्या नीलेशशेठने फाट्यावर परमिट रूम काढायचं ठरवलं. लायसनसाठी ग्रामसभेचा ना-हरकत दाखला लागतो. बायकांनी एकजुटीने नाही म्हटलं तर बार अडतो. पण बोरखोंडला एक पद्धत पडून गेली होती. हजेरीचं पुस्तक सभेच्या आदल्या दिवशीच घरोघर फिरायचं. आधी अंगठे, सह्या. ठराव मागाहून वरच्या कोऱ्या जागेत उतरायचा. सभेला कोण येतंय! रस्त्याचे, नळाचे, गटाराचे सगळे ठराव असेच झालेले. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

चौदा ऑगस्टला नीलेशशेठने विठूला बुलेटवर मागे बसवून कर्जतला नेलं, मिसळ खाऊ घातली, खांद्यावर हात टाकला. विठूसारख्याला एवढं पुरलं. संध्याकाळी तो पुस्तक आणि शाईचं पॅड घेऊन वाडीवर गेला. पहिलंच घर आपलं.

ठमी भाकऱ्या थापत होती. पिठाचा हात पुसत तिने विचारलं, “कसला कागद हाय रं?”

“घरकुलाचा,” विठू म्हणाला.

“खरं?”

“तुझी आन.”

ठमी हसली. “माजी आन घिऊ नको, मरीन ना.” आणि तिने अंगठा दिला. वाडीतल्या एकेचाळीस बायकांनी दिला. ठमीने दिला म्हणून दिला.

बार झाला. निळे दिवे लागले. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या फाट्यावर रांगेने उभ्या राहू लागल्या. ज्या दिवशी पाटी चढली, त्याच दिवशी ठमीला सगळं कळलं. ती विठूवर ओरडली नाही. दोन दिवस तिने त्याला वाढलं, पण बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलायला लागली, पण त्या कागदाचं नाव काढलं नाही. विठूनेही काढलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत वर्ष गेलं.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर, वाडी अजून वीटभट्टीवर जायची होती तेव्हा, एका रविवारी संध्याकाळी सात वाजता, ठमी आणि संध्या कर्जतहून टमटमने फाट्यावर उतरल्या. रस्त्याच्या कडेने चालत होत्या. बारमधून पांढरी गाडी बाहेर पडली.

दोघी जागेवरच गेल्या.

अक्षयने काहीतरी विचारायला तोंड उघडलं. आबाजींनी हात वर केला.

विठू त्यानंतर घरात राहिला नाही. दाराला कुलूप लावून पंचायतीच्या ओट्यावर झोपायला लागला. रात्री उठून बसायचा. भांडायचा कोणाशीही, दगड उचलायचा आणि मग तो दगड हातात धरूनच रडायचा.

आणि जानेवारीत नीलेशशेठला दुसरा बार काढायचा होता, खालापूरकडच्या वळणावर. सव्वीस जानेवारीला ग्रामसभा. पंचवीसला दुपारी त्याने विठूला हाक मारली.

“विठ्या, झालं गेलं इसरायचं. पुस्तक घे आन् वाडीवर जा. बायकांचे अंगठे आन. मागल्यासारखे.”

विठू उभा राहिला. वाडी रिकामी होती. दिवाळीनंतर सगळी वाडी रसायनीकडच्या वीटभट्ट्यांवर जाते, ती शिमग्याला परत येते. घरांच्या दारांना काट्याची झापं लावलेली असतात. एक म्हातारंसुद्धा मागे राहत नाही. गावात प्रत्येकाला हे माहीत. नीलेशशेठच्या मात्र ध्यानातच नव्हतं. वाडीचे अंगठे त्याला हवे होते, वाडीतली माणसं त्याने कधी बघितलीच नव्हती.

“आनतो,” विठू म्हणाला.

पुस्तक आबाजींच्या कपाटात असायचं. विठूने मागितलं, त्यांनी दिलं.

“वाडी मोकळी हाय हे तुमाला ठाव व्हतं ना, आबा?” स्वप्नील म्हणाला. “मग दिलंत कशाला?”

“म्हनून तर दिलं,” आबाजी म्हणाले. “मोकळ्या वाडीत अंगठे कुनाचे घेनार व्हता तो?”

विठूला अंगठे आणायचे नव्हते. त्याला ठमीचा अंगठा त्या पुस्तकातून काढायचा होता. ते पान फाडून जाळायचं, राख डोंगरात सोडायची, म्हणजे ती त्या कागदातून सुटेल, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. आणि जाळायचं ते घरीच. जिथं घेतला, तिथंच.

गुरुवार होता. पंचवीस जानेवारी, पौष पौर्णिमा. रात्री साडेदहाला तो गावातून निघाला. थंडी होती. कापून गेलेली भाताची खाचरं चांदण्यात पांढरी दिसत होती. लांबून एक्सप्रेसवेचा आवाज येत होता, न थांबणारा. चढावर करवंदीच्या जाळ्या लागल्या आणि तो आवाज बंद झाला. एकदम. कोणीतरी दार लावून घ्यावं तसा.

वाडीत कुत्रं नव्हतं. ती माणसांबरोबर भट्टीवर जातात. विठू आपल्या घराच्या पडवीत बसला. पाठ दाराला. कुलूप जागेवर होतं, त्याने हात लावून बघितलं.

पुस्तक मांडीवर घेतलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण ठमीचा अंगठा ओळखता येत होता. कोयता लागून अंगठ्यावर आडवा वण होता तिच्या. शाईच्या ठशात तो पांढऱ्या रेघेसारखा उमटला होता. चांदणं इतकं होतं की बॅटरी लागली नाही. पान मिळालं. त्याने त्या रेघेवर बोट ठेवलं.

खिशातून काडेपेटी काढली.

“कसला कागद हाय रं?”

विठूचा हात तसाच राहिला.

आवाज मागून आला होता. दाराच्या आतून नाही. त्याच्या आणि दाराच्या मधून. पण पाठ तर दाराला टेकलेली होती.

त्याचं तोंड आपोआप उघडलं. आणि तोंडातून तेच निघालं.

“घर... घरकुलाचा.”

काडेपेटी हातातून सुटून पडवीत पडली.

मग लहान पोर खोकलं. एकदाच. संध्याला थंडीत खोकला व्हायचा.

“कसला कागद हाय रं, इठू?”

आता आवाज कानाशी होता. रागाचा नव्हता. तो रागाचा असता तर बरं झालं असतं, असं विठू नंतर म्हणाला. भाकरी थापताना विचारतं ना माणूस... तसा.

विठूने मान वळवली नाही. वळवता आली नाही. मानेवर गार लागत होतं, ओलं फडकं ठेवल्यासारखं.

“ताई...”

त्याने पुस्तक घट्ट धरलं.

“ताई, दारूचा हाय. बारचा. मी खोटं... मला ठाव व्हतं. तवाच ठाव व्हतं मला.”

पान हलत नव्हतं. वारा नव्हता.

“वाच.”

“मला येत नाय, ताई.”

“वाच.”

विठूने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिसरीतलं जेवढं उरलं होतं तेवढं गोळा केलं.

“स... र... सर... वा... नु...”

एक लहान बोट त्याच्या बोटाशेजारी येऊन टेकलं.

दिसलं नाही. टेकलं. नख गार होतं. ते त्याच्या बोटाबरोबर पुढे सरकायला लागलं. अक्षरामागून अक्षर. संध्या दुसरीत होती.

“...म... ते. सर्वानुमते.” मग पुढचा शब्द. मग पुढचा. विठू रडत होता आणि वाचत होता. कुठं अडला की ते बोट थांबायचं. त्याला जमलं की पुढे जायचं. पान संपेपर्यंत...

ठमीच्या ठशापाशी बोट थांबलं.

“उद्या वाच,” ठमी म्हणाली. “समद्यांम्होरं.”

मग एक्सप्रेसवेचा आवाज परत आला.

पहाटे चार वाजता विठूने आबाजींचं दार वाजवलं. पुस्तक छातीशी धरलेलं, पान शाबूत. दात वाजत होते. आबाजींनी त्याला चहा दिला, घोंगडी दिली. विठूने काहीच घेतलं नाही. म्हणाला, “आबा, मी वाचतो. तुमी फकस्त बघा, चुकतो का.” आणि त्याने अख्खा ठराव वाचून दाखवला. अडखळत, पण एकही अक्षर चुकला नाही.

“तिसरीतला पोरगा,” आबाजी म्हणाले. “त्यातला निम्मा ठराव ग्रामसेवकाच्या अक्षरात मला लागत नवता.”

झेंडावंदन झालं, त्याला आलेली माणसं तशीच सभेला बसली. ग्रामसेवक दुसऱ्या बारचा विषय काढणार, तेवढ्यात विठू उभा राहिला आणि जुना ठराव मोठ्याने वाचायला लागला. पहिल्यांदा लोक हसले. नीलेशशेठ म्हणाला, “खाली बस रं, सकाळी सकाळीच लावलीस काय?” विठू वाचत राहिला. सर्वानुमते मंजूर, इथपर्यंत आला आणि म्हणाला, “हे अंगठे मी घरकुलाचं सांगून घेतले. पयला माज्या बहिनीचा हाय. ती मेली. तिची पोर मेली. आता बोला, गाडी कुनाची व्हती?”

सरपंच समोरचे कागद नीट लावायला लागले. मागच्या बाजूला बसलेली गावातली भागूबाई, साठीची बाई, कधी सभेत तोंड न उघडलेली, ती उठली आणि म्हणाली, “दुसरा बार नको.” मग तिच्या शेजारची उठली. मग आणखी.

दुसऱ्या बारचा ठराव त्या दिवशी झाला नाही. सभा तहकूब केली म्हणून लिहिलं. पहिला बार चालू आहे, निळे दिवे स्वप्नील-अक्षय रोज बघतात. नीलेशशेठच्या माणसांनी विठूला पंचायतीच्या मागे नेऊन मारलं. त्याचा एक दात पडला. आबाजी मधे पडले तर त्यांनाही ढकललं. विठू मात्र हसत होता. रक्ताने भरलेलं तोंड घेऊन म्हणाला, “आबा, वाडीवर चला माज्यासंगं. मला एकट्याला भ्याव वाटतं.”

दुपारी दीड वाजता दोघं चढून गेले. वाडी तशीच रिकामी. झापं तशीच. विठूने कुलूप काढलं, दार लोटलं.

आबाजींनी मळलेली तंबाखू ओट्याखाली टाकून दिली. स्वप्नीलने अक्षयचा दंड धरला होता, ते त्याला कळलंही नव्हतं.

“दोन महिने घर बंद,” आबाजी म्हणाले. “वाडीत गाय नाय, शेन नाय. पान्याची टाकी कोरडी.”

आतली जमीन नुकती सारवलेली होती. ओली. शेणाचा ताजा वास. भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत हाताचे वळसे, एकावर एक, बाईमाणसाच्या सवयीच्या हाताचे. आणि डाव्या कोपऱ्यात, चुलीपाशी, थोड्या जागेत वेगळे वळसे. वेडेवाकडे. इवल्या हाताचे.

बाहेर जाणारं एकही पाऊल नव्हतं.

विठू आत गेला नाही. त्याने चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर बसला. कुठून तरी एक रानकोंबडी आली, दाराकडे सरकली. त्याने तिला हाकललं. ती परत आली. त्याने परत हाकललं.

“चल आता,” आबाजी म्हणाले.

“सुकू दे,” विठू म्हणाला. “कुनी पाय दिला तर इस्कटंल.”

सारवण सुकेपर्यंत, दिवस मावळेपर्यंत, तो तिथं बसून राहिला.