एक डिसेंबरच्या आधी नाही

ओर्सोलाच्या हातातल्या पेटीतलं एक द्राक्ष कुणीतरी न विचारता तोंडात टाकलं, आणि ओळखच मुळी भांडणाने झाली.

नोव्हेंबरचा पाऊस रिपरिपत होता. माडीच्या जिन्याखाली एक उंचपुरा तरुण आडोशाला उभा होता. खांद्यावर हत्यारांची पिशवी, केसांतून निथळणारं पाणी आणि डोळ्यांत नको तेवढं हसू...

"अरे वा, मनुका झाल्यात की यांच्या," तो म्हणाला.

"अजून झालेल्या नाहीत. म्हणूनच त्यांना हात लावायचा नसतो."

हा लापो. दूर दक्षिणेकडच्या तस्कनीहून आलेला, वाईनची पिंपं दुरुस्त करणारा. तळघरातलं चेस्टनटच्या लाकडाचं जुनं पिंप गळायला लागलं, म्हणून ओर्सोलाच्या वडिलांनी, बत्तिस्तांनीच त्याला बोलावून घेतलं होतं. काम होईपर्यंत मुक्काम घरातच. आली का पंचाईत!

जेवायला बसल्यावर त्याची जीभ सुटली. समोर पित्सोक्केरीचं ताट होतं. कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, कोबी, बटाटा आणि वरून लोण्यात न्हालेलं चीज. चाटूनपुसून खाता खाता हा गडी आपल्या तिकडच्या वाईनचं कौतुक सांगत होता. निखाऱ्यावर भाजलेलं जाडजूड मांस आणि तिथली लाल वाईन, याच्यापुढे जगात काही नाही म्हणे. आपला तो बाब्या, दुसरं काय!

ओर्सोलाने शांतपणे त्याच्या पेल्यात वाईन ओतली. "ज्यांच्या पावात मीठसुद्धा नसतं, त्यांनी आम्हाला चव शिकवू नये."

बत्तिस्ता इतके हसले की त्यांना ठसका लागला. लापोही हसला. पण तो तिच्याकडे बघत हसला, आणि ओर्सोलाच्या कानाच्या पाळ्या उगीचच गरम झाल्या.

तिला या वर्षी हसण्याखेळण्याची चैन परवडणारी नव्हती. बत्तिस्तांचे गुडघे गेले होते. डोंगरउतारावरचे वरचे द्राक्षमळे विकत घ्यायला खालच्या गावातला एकजण टपून बसला होता. वडिलांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, या खेपेचा स्फोर्झातो तू कर. जमला तर मळे तुझे, नाही जमला तर देऊन टाकू. स्फोर्झातो म्हणजे काही साधी लाल वाईन नव्हे. हाताने खुडलेले घड माडीवर चटयांवर पसरायचे, वाऱ्यावर सुकवायचे. आणि नियम एकच, पण कडक: एक डिसेंबरच्या आधी गाळप नाही. आधी गाळलंत तर वाईन मिळेल, पण ते नाव बाटलीवर लावता येणार नाही.

दरवर्षी दुपारी सरोवराकडून ब्रेव्हा सुटायचा आणि तो वारा घड सुकवायचा. या वर्षी तो फिरकलाच नाही. दरीत धुकं ठाण मांडून बसलं. आणि एका सकाळी घडांच्या पोटात पांढरी बुरशी दिसली.

बत्तिस्ता म्हणाले, आजच गाळून टाकू, निदान हाती काही लागेल. लापोनेही री ओढली. "चार-पाच दिवसांचा तर प्रश्न आहे. नाव लावायचं तेच लावा. कोण बघतंय?"

"मी बघतेय," ओर्सोला म्हणाली.

मग तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. आभाळापर्यंत चढत गेलेल्या दगडी भिंती, आणि प्रत्येक भिंतीच्या आधाराने ओंजळभर माती. "ती माती माझ्या पणजीने पाठीवरून वर नेली. दर पावसात माती खाली यायची, आणि दरवेळी पणजी ती पुन्हा वर न्यायची. तिच्या मातीतल्या द्राक्षांना मी खोटं नाव देणार नाही. गेली तर खरी म्हणून जातील."

लापो खिडकीपाशी जाऊन त्या भिंती खालून वरपर्यंत बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती माडीवर कात्री घेऊन एकेक सडका मणी काढत बसली होती. समोर कुणीतरी येऊन बसलं. कात्री त्याच्याही हातात होती.

"पिंप झालं ना दुरुस्त?" तिने वर न बघताच विचारलं.

"कुठलं... अजून गळतंय."

"बाबा म्हणाले, थेंब पडत नाही. थापा मारायची सवय जात नाही तुझी."

"ही शेवटची," तो हळूच म्हणाला.

तिने त्याला घड खालून कसा बघायचा ते दाखवलं. बुरशी देठापाशी लपते. बोटांना बोटं लागली, दोघांनीही ती लगेच काढली नाहीत. जवळजवळ निम्मी द्राक्षं उकिरड्यावर गेली. आणि एका दुपारी खिडकीचं दार धाडकन आपटलं. ब्रेव्हा! दोघं धावत सुटले, सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, आणि ओर्सोला त्या वाऱ्यात उभी राहून ढसाढसा रडली.

एक डिसेंबरला गाळप झालं. उरलेल्या रसाने एकच पिंप भरलं, लापोनेच दुरुस्त केलेलं. त्यावर हात ठेवून तो म्हणाला, "ओर्सोला... मी इथेच राहिलो तर?"

"आमच्याकडे वेळेआधी काही होत नाही," ती म्हणाली. "याला नाव मिळू दे. मग विचार."

तो गेला. पण छाटणीला आला, तोडणीला आला, दरवेळी पिंपाची काळजी पुढे करून. वाईन पिंपात मुरत होती आणि बत्तिस्ता मिशीत हसत होते.

पुढच्या खेपेची तोडणीही होऊन गेली, तेव्हा परीक्षकांनी तिच्या वाईनचा नमुना चाखला. कुणाची आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पसंतीचा शेरा दिला, आणि वाईनला स्फोर्झातो हे नाव मिळालं. मळ्यांवर टपलेलं गिऱ्हाईक आलं, तर बत्तिस्ता छाती काढून म्हणाले, मळे माझे नाहीत, ओर्सोलाला विचारा.

त्याच दुपारी लापो आला. तिने अंगणात जुनं बित्तो चीज कापून ठेवलं होतं, शेजारी दोन पेले. त्याने घोट घेतला, मग चिजाचा तुकडा, मग पुन्हा घोट.

"काय? मीठ कमी पडलं?"

"आमच्या गावात सांगू नकोस," तो म्हणाला, "पण... याच्यापुढे आमची फिकी आहे."

ओर्सोलाची मान ताठ झाली. अशी मान त्या उतारावर कितीतरी बायकांची झाली असेल. तिने हात पुढे केला, त्याने तो धरला. तेवढ्यात खिडकीचा पडदा हलला, आणि त्याने घाईने हात मागे घेतला.

"तुझे बाबा बघतायत," तो पुटपुटला.

"बघू देत," ओर्सोला म्हणाली, आणि त्याचा हात तिने आपणहून धरला. "आता वेळ झाली आहे. विचार."